हडप्पा, वेद आणि बुद्ध: मुळांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिंदू आणि बौद्ध परंपरांची मुळे शोधू लागले की तीन प्रकारचा पुरावा समोर येतो. जमिनीतून निघालेल्या वस्तू, तोंडपाठ राखलेले शब्द आणि हाडांमधला डीएनए. वस्तू सांगतात लोक कसे राहत होते. शब्द सांगतात ते काय मानत होते. डीएनए सांगतो कोण कुठून आले. ह्या विषयावरची निम्मी भांडणे मडक्याला भाषा विचारल्यामुळे किंवा हाडाला देव विचारल्यामुळे होतात. खालची उत्तरे वाचताना हा फरक मनात ठेवला तर गुंता बराच सुटतो.

सुरुवात नेमकी कुठून धरायची?

शेतीपासून. बलुचिस्तानात बोलन खिंडीच्या पायथ्याशी मेहरगढ आहे. १९७४ पासून तिथे झालेल्या उत्खननात इ. स. पू. ७००० च्या सुमारापासूनची वस्ती सापडली. कच्च्या विटांची घरे, जव आणि गहू, शेळ्यामेंढ्या, आणि पुढे वशिंडाची गुरे. नऊ जणांच्या अकरा दातांना गारगोटीच्या टोकाने पाडलेली भोकेही तिथे मिळाली, तीही माणूस जिवंत असताना पाडलेली. ही शेती पुढे सिंधूच्या खोऱ्यात उतरली. इ. स. पू. ३३०० नंतर गावे मोठी होऊ लागली आणि इ. स. पू. २६०० ते १९०० हा भरभराटीच्या शहरांचा काळ ठरला.

हडप्पा येथे दयाराम साहनींनी १९२१ मध्ये आणि मोहेंजोदडो येथे राखालदास बॅनर्जींनी १९२२ मध्ये काम सुरू केले. ही वेगळीच, फार जुनी संस्कृती आहे हे पुरातत्त्व खात्याचे प्रमुख जॉन मार्शल यांनी सप्टेंबर १९२४ मध्ये जगाला सांगितले.

ह्या शहरांत एवढे विशेष काय होते? राजवाडे तर सापडलेच नाहीत.

विटेपासून सुरू करू. जाडी, रुंदी आणि लांबी ह्यांचे प्रमाण १:२:४. घरांसाठी साधारण ७ × १४ × २८ सेंटिमीटर, तटबंदीसाठी १० × २० × ४०. आजच्या कोणत्याही गवंड्याला ह्याचे मर्म लगेच कळेल. दोन विटा आडव्या लावल्या की त्यांची रुंदी एका उभ्या विटेच्या लांबीएवढी भरते, त्यामुळे खालच्या थराचा सांधा वरच्या विटेखाली झाकला जातो आणि भिंत एका रेषेत चिरत नाही. शेकडो किलोमीटर अंतरावरच्या शहरांत हेच प्रमाण दिसते.

आडासाठी वीट वेगळी, पाचरीच्या आकाराची: एक टोक रुंद, दुसरे अरुंद. अरुंद बाजू आत ठेवून गोल रचली की बाहेरच्या मातीचा दाब विटांना एकमेकींत आणखी घट्ट बसवतो. चौकोनी विटांचा गोल आड त्याच दाबाने आत ढासळला असता. एकट्या मोहेंजोदडोत असे सातशेच्या आसपास आड असावेत असा अंदाज आहे. घरातल्या न्हाणीचे पाणी मोरीतून गल्लीतल्या झाकलेल्या गटारात जाई, आणि गाळ काढण्यासाठी मध्येमध्ये खड्डे ठेवलेले असत. तिथले मोठे स्नानकुंड सुमारे १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद आणि २.४ मीटर खोल आहे. पाणी झिरपू नये म्हणून विटांमागे डांबराचा थर दिलेला आहे.

वजनांचेही तसेच. चर्ट दगडाचे घासून गुळगुळीत केलेले घन, आणि पट १, २, ४, ८, १६, ३२, ६४ अशी दुप्पट होत जाणारी. सर्वांत लहान वजन ०.८६ ग्रॅमच्या आसपास आणि सोळापट वजन सुमारे १३.७ ग्रॅम. इथे सोळा आण्यांचा रुपया आठवतो. पण मधल्या हजारो वर्षांची साखळी जोडणारा पुरावा हाती नाही, म्हणून ते साम्य तेवढ्यावरच ठेवावे.

सिंधू लिपी वाचली गेली आहे का?

नाही. दर एकदोन वर्षांनी बातमी येते, पण कोणतेही वाचन अभ्यासकांनी सर्वमान्य केलेले नाही.

अडचण कुठे आहे हे मुद्रा हातात धरल्यासारखी पाहिली तर कळते. दोन-तीन सेंटिमीटरचा संगजिऱ्याचा चौकोन. दगड मऊ असतानाच त्यावर बैल, हत्ती किंवा एकशिंगी प्राणी कोरायचा, वर चार-पाच चिन्हे कोरायची, क्षाराचा लेप देऊन भट्टीत भाजायचा, म्हणजे तो पांढरा आणि टणक होतो. मागे भोक पाडलेला उंचवटा, दोरा ओवण्यासाठी. चिन्हे उलटी कोरलेली, कारण खरा मजकूर ओल्या मातीवरच्या ठशात उमटायचा. ठशात पाहिले तर काही ठिकाणी डावीकडची चिन्हे दाटीवाटीने बसवलेली दिसतात. जागा शेवटी कमी पडते, म्हणजे लिहिणारा उजवीकडून डावीकडे येत होता. एवढे नक्की सांगता येते.

पुढे गाडी अडते ती तीन कारणांनी. एक, लेख फार आखूड आहेत, सरासरी पाच चिन्हांचे. दोन, इरावतम महादेवन यांनी १९७७ मध्ये केलेल्या सूचीत ४१७ वेगवेगळी चिन्हे आहेत. निव्वळ वर्णमालेसाठी ही संख्या फार जास्त. तीन, एकाच मजकुराचा दोन लिप्यांतला लेख मिळालेला नाही. इजिप्तची चित्रलिपी अशाच बहुलिपी शिळेमुळे सुटली होती. भाषा द्रविड धरून केलेली मांडणी अनेक तज्ज्ञांना सर्वांत संभाव्य वाटते, पण संभाव्य म्हणजे सिद्ध नव्हे. कोणी ‘वाचली’ म्हणाले तर एकच कसोटी लावावी: त्याच नियमांनी, एकही अपवाद न करता, दुसरे पन्नास लेख वाचून दाखवता येतात का? बहुतेक दावे इथेच पडतात, कारण गरज पडेल तसे एकाच चिन्हाला तीन-चार उच्चार दिलेले असतात.

‘पशुपती’ मुद्रेवर शिवच आहे ना?

असू शकेल, पण तसे ठरलेले नाही. साडेतीन सेंटिमीटरची ही मुद्रा मोहेंजोदडोत सापडली आणि आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. टाचा जुळवून बसलेली आकृती, हातभर बांगड्या, डोक्यावर शिंगांचा मुकुट, भोवती हत्ती, वाघ, गेंडा आणि रेडा, बैठकीखाली दोन हरणांसारखे प्राणी. मार्शल यांनी १९३१ मध्ये तिला शिवाचे आद्य रूप म्हटले: तीन तोंडे, योगासन, पशूंचा स्वामी.

आक्षेप असे. शिंगे नीट पाहिली तर रेड्याची वाटतात, शिवाच्या नंदीची नव्हेत. बाजूची दोन ‘तोंडे’ रेड्याचे कानही असू शकतात. आणि वेदातला पशुपती हा मुख्यतः पाळीव जनावरांचा धनी आहे, तर इथे भोवती रानटी प्राणी आहेत. आमचे मत असे की हे एखाद्या महत्त्वाच्या देवतेचे चित्र आहे एवढे म्हणावे आणि नाव देऊ नये.

मग हडप्पातून आजपर्यंत काहीच आले नाही का?

आले असावे, पण देवांच्या नावांत शोधू नये, सवयींत शोधावे. पिंपळाचे पान मडक्यांवर आणि मुद्रांवर पुन्हा पुन्हा येते. एका मुद्रेत तर पिंपळाच्या कमानीत उभ्या देवतेपुढे कोणी गुडघे टेकले आहे. हाच वृक्ष पुढे बुद्धाच्या बोधीचा, आणि आपल्याकडे पाराचा. बांगड्यांनी भरलेले हात, पाण्याने शुद्ध होण्याचे महत्त्व, राजस्थानातल्या कालीबंगन ह्या हडप्पाकालीन स्थळी मिळालेले राखेने भरलेले खड्डे, ज्यांना उत्खनकांनी अग्निकुंडे म्हटले: सगळे सूचक आहे. मंदिर म्हणून ठामपणे ओळखता येईल अशी इमारत मात्र एकही नाही.

वेद रचणारे हडप्पाचेच लोक होते का?

अभ्यासकांमधला मुख्य प्रवाह ‘नाही, पण दोन्ही लोक पुढे मिसळले’ असे म्हणतो. कारणे एकेक पाहू.

ऋग्वेदात शहरे नाहीत आणि विटेसाठीचा ‘इष्टका’ हा शब्दही नाही. तो नंतरच्या यजुर्वेदात येतो, जिथे यज्ञाची चिती विटांनी रचतात. पक्क्या विटांवर उभ्या असलेल्या समाजाने हजारभर सूक्ते रचावीत आणि विटेचा उल्लेखही करू नये हे पटत नाही. उलट आऱ्यांच्या चाकांचा रथ आणि घोडा ऋग्वेदात जागोजागी आहेत, आणि हडप्पाच्या मुद्रांवर शेकडो प्राणी असूनही घोडा नाही. घोड्याची म्हणून सांगितलेली हाडे काही ठिकाणी मिळाली आहेत, पण रानगाढवाच्या हाडांपासून ती वेगळी ओळखणे अवघड असते, म्हणून वाद मिटत नाही.

दुसरा पुरावा तुर्कस्तानातून येतो. इ. स. पू. चौदाव्या शतकात हित्ती (तुर्कस्तानातले) आणि मितान्नी (उत्तर सीरियातले) राजांनी केलेल्या तहात मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य ह्या देवांना साक्षीला बोलावले आहे. त्याच प्रदेशातल्या घोडे शिकवण्याच्या एका मजकुरात फेऱ्यांची मोजणी ऐक, तेर, पंझ, सत्त, न अशी येते. मराठी वाचकाला ती उलगडून सांगायची गरज नाही. म्हणजे वैदिक भाषेचे जवळचे नातलग तेव्हा तिथेही होते.

तिसरा पुरावा डीएनएचा. हरयाणातल्या राखीगढी ह्या हडप्पाकालीन शहरात डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन झाले. उष्ण आणि दमट हवेत डीएनए लवकर नष्ट होतो. साठहून अधिक नमुने तपासल्यावर एका स्त्रीचा डीएनए वाचण्याजोगा निघाला, तोही कानामागच्या अतिघट्ट हाडातून. २०१९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. तिच्यात मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशातल्या पशुपालकांचा अंश नव्हता. आजच्या बहुतेक भारतीयांत तो कमी-अधिक आहे, आणि तो इ. स. पू. २००० ते १५०० च्या दरम्यान येत गेला असे त्याच वर्षीच्या दुसऱ्या, मोठ्या अभ्यासातून दिसले. त्या स्त्रीचा स्वतःचा वंशही आजच्या दक्षिण आशियात सर्वदूर आहे. म्हणजे आपण दोघांचेही वारस आहोत.

म्हणजे आर्यांनी स्वारी करून शहरे बुडवली?

नाही. पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांनी १९४० च्या दशकात मोहेंजोदडोतल्या सांगाड्यांवरून तसे सुचवले होते. पण ते सांगाडे एका वेळचे नाहीत, आणि हाडांवर शस्त्राच्या घावांच्या खुणाही जवळजवळ नाहीत. जळालेले शहर नाही, पडलेली शस्त्रे नाहीत.

खरे कारण संथ होते. इ. स. पू. २२०० च्या सुमारास पाऊसमान घटू लागले. घग्गर-हाक्रा नदीच्या काठचे पाणी आटत गेले. मेसोपोटेमियाशी चाललेला व्यापार मंदावला. लोक पूर्वेला हरयाणा-दोआबाकडे आणि दक्षिणेला गुजरातकडे सरकले. शहरे ओस पडली तरी लहान खेड्यांची संख्या तिकडे वाढली. बुडाली ती शहरी व्यवस्था: वजने, मुद्रा, लेखन. माणसे उरली.

लिहून न ठेवता वेद इतकी शतके शब्दशः कसे टिकले?

चूक झाली तर लगेच पकडली जाईल अशी पाठांतराची पद्धत बांधून. ऋग्वेदात १० मंडले आणि १०२८ सूक्ते. पहिली ऋचा घेऊ: अग्निम्, ईळे, पुरोहितम्, यज्ञस्य... आधी ‘पदपाठ’, म्हणजे संधी सोडवून एकेक शब्द. मग ‘क्रम’: अग्निम् ईळे, ईळे पुरोहितम्, पुरोहितम् यज्ञस्य. मग ‘जटा’: अग्निम् ईळे, ईळे अग्निम्, अग्निम् ईळे. आणि शेवटी ‘घन’: पहिला-दुसरा, दुसरा-पहिला, पहिला-दुसरा-तिसरा, तिसरा-दुसरा-पहिला, पुन्हा पहिला-दुसरा-तिसरा, आणि मग एक शब्द पुढे सरकून पुन्हा तेच.

(इथे समजावे म्हणून संधी न करता लिहिले आहे. प्रत्यक्ष म्हणताना उलट क्रमातही संधी आणि स्वर सांभाळावे लागतात, आणि खरी कसरत तीच आहे.)

हिशेब करून पाहा. घनात मधला प्रत्येक शब्द तेरा वेळा उच्चारला जातो: पहिल्या जागी पाच, दुसऱ्या जागी पाच, तिसऱ्या जागी तीन. एखादा शब्द गळला किंवा स्वर घसरला तर पुढची जोडणीच बसत नाही. अर्थाच्या ओघात जीभ घसरते, पण उलट्या क्रमात अर्थच उरत नाही, मग घसरायला वावही राहत नाही. लिखित प्रती फार उशिराच्या. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात ऋग्वेदाची ३० हस्तलिखिते आहेत, २००७ मध्ये युनेस्कोने त्यांची जागतिक स्मृतीच्या यादीत नोंद केली. त्यांतले सर्वांत जुने इ. स. १४६४ चे आहे. रचना त्याच्या सुमारे तीन हजार वर्षे आधीची.

कर्म आणि पुनर्जन्म वेदांपासूनच आहेत ना?

ऋग्वेदात मेलेला माणूस यमाच्या लोकात पितरांकडे जातो. परत जन्माला येण्याची कल्पना तिथे स्पष्ट नाही. पुढच्या ब्राह्मणग्रंथांत, म्हणजे यज्ञाचा अर्थ सांगणाऱ्या ग्रंथांत, ‘पुनर्मृत्यू’ची भीती दिसू लागते, म्हणजे परलोकातही पुन्हा मरण आले तर काय. मग बृहदारण्यक उपनिषदात आर्तभाग नावाचा विद्वान याज्ञवल्क्य ऋषीला विचारतो की मेल्यावर माणसाचे काय होते. याज्ञवल्क्य त्याचा हात धरतो आणि म्हणतो, हे लोकांत बोलायचे नाही, चल. दोघे बाजूला जातात आणि जे बोलतात ते कर्माविषयी बोलतात. पुण्य कर्माने माणूस पुण्यवान होतो, पापाने पापी. छांदोग्य उपनिषदात तर प्रवाहण जैवली हा राजा गौतम ऋषीला स्पष्ट सांगतो की ही विद्या तुझ्या आधी ब्राह्मणांकडे गेलेली नव्हती.

ज्या परंपरेने यज्ञविद्या जपली, तिनेच हे प्रसंगही जपले. ही कल्पना नवी होती, आणि गंगेच्या पूर्वेकडच्या ज्या प्रदेशात ती रुजली तिथेच जैन, आजीवक (नियती मानणारा पंथ) आणि बौद्ध उभे राहिले.

हे सगळे गंगेकाठीच आणि तेव्हाच का घडले?

इ. स. पू. ६०० च्या आसपास तिथे दुसऱ्यांदा शहरे उभी राहिली: राजगृह, श्रावस्ती, कौशांबी, वाराणसी. खाचरातले भात जास्त पोटे भरू लागले, लोखंडी अवजारे आली, काळी चकाकणारी मडकी आणि ठसे मारलेली चांदीची नाणी आली. (लोखंडी कुऱ्हाडीनेच सगळे जंगल तुटले असे पाठ्यपुस्तकात असते, आगी लावूनही बरेच साफ झाले असणार.) शहरात कुळाबाहेरचे लोक एकत्र आले. शेठ, कारागीर, गणिका, कर्ज, युद्धे. कुळाचा यज्ञ ह्या माणसाला पुरेना. ‘मी एकट्याने काय करावे?’ हा प्रश्न तिथला आहे.

बौद्ध धर्म ही हिंदू धर्माची शाखा की त्याविरुद्धचे बंड?

दोन्ही शब्द चुकतात, कारण आज ज्याला हिंदू धर्म म्हणतो तो त्या रूपात तेव्हा नव्हताच. होते ते यज्ञ करणारे ब्राह्मण, उपनिषदांतले चिंतक, गावोगावचे यक्ष-नाग-वृक्ष पुजणारे लोक, आणि घर सोडून फिरणारे श्रमण. बुद्ध हा श्रमणांतला. बुद्धाच्या उपदेशांच्या दीघनिकाय ह्या संग्रहातल्या सामञ्ञफल सुत्तात त्याच्या काळचे सहा आचार्य येतात: पूरण कस्सप, मक्खली गोसाल, अजित केसकंबली, पकुध कच्चायन, संजय बेलट्ठपुत्त आणि निगंठ नातपुत्त म्हणजे महावीर. कोणी म्हणे सगळे नियतीने ठरलेले, कोणी म्हणे मेल्यावर काहीच उरत नाही. बुद्धाची जागा ह्या गर्दीत पाहिली तरच कळते.

वैदिक परंपरेशी त्याचा संवाद सरळ आणि कडक आहे. कूटदंत सुत्तात पशुयज्ञाऐवजी दान आणि शील हाच मोठा यज्ञ ठरवला आहे. तेविज्ज सुत्तात तीन वेद जाणणाऱ्यांना तो विचारतो, ब्रह्माला डोळ्यांनी पाहिलेला तुमच्यात कोणी आहे का? कर्म हा शब्द त्याने घेतला, पण त्याचा गाभा बदलला: ‘चेतनाहं भिक्खवे कम्मं वदामि’, भिक्षूंनो, हेतूलाच मी कर्म म्हणतो. यज्ञात कर्म म्हणजे विधी अचूक पार पडणे. इथे मनातला हेतू मोजला जातो. आणि जिथे उपनिषदे आत्मा सांगतात तिथे तो अनात्म, म्हणजे कायमचा आत्मा नाही, असे सांगतो. त्याने आपल्या काळचे प्रश्न घेतले आणि उत्तरे स्वतःची दिली.

भिक्षूंचे नियम कुठून आले? ते आधीच ठरलेले होते का?

नाही. विनयपिटकात जवळजवळ प्रत्येक नियमाआधी तो का करावा लागला ते सांगितलेले आहे. वर्षावासाचे कारण असे. पावसाळ्यात भिक्षू फिरत, तेव्हा कोवळे गवत आणि किडे पायाखाली चिरडत. इतर पंथांचे साधू एका जागी थांबतात, पक्षीही घरटे करून थांबतात, हेच का फिरतात, अशी लोकांनी तक्रार केली. मग पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहायचे ठरले. आपल्याकडचा आषाढी ते आश्विन पौर्णिमेचा वर्षावास हाच. चातुर्मासामागेही हाच पावसाळा आहे.

चिवराची गोष्ट त्याहून सुंदर. मगधातली भातखाचरे पाहून बुद्धाने आनंदाला विचारले, ह्या शेतांसारखे चिवर करता येईल का? आनंदाने तुकडे जोडून बांधांसारख्या उभ्या-आडव्या शिवणी घातल्या. आजही भिक्षूचे चिवर पसरून पाहिले तर पट्ट्यांच्या कडेने बांध दिसतात. तुकड्यांचे कापड विकले जात नाही, म्हणून चोरीची भीतीही कमी.

बुद्ध पालीत बोलत होते का?

पाली ही त्यांच्या उपदेशाच्या नोंदीची भाषा आहे. बोलत असत ती पूर्वेकडची बोली. लुंबिनीच्या अशोकस्तंभावर ‘राजा’च्या जागी ‘लाज’ असे ‘र’चा ‘ल’ झालेले रूप आहे. पूर्वेची ती खूण. पालीत ‘राजा’च आहे.

बुद्धाचे नेमके साल काय?

इथे एक उलटा हिशेब करावा लागतो. तो असा.

अशोकाच्या तेराव्या शिलालेखात पाच ग्रीक राजांची नावे आहेत: अंतियोक, तुरमाय, अंतेकिन, मक आणि अलिकसुदर. त्यांच्या राजवटी ग्रीक नोंदींतून ठाऊक आहेत. पाचही जण एकाच वेळी गादीवर असलेला काळ इ. स. पू. २५५ च्या आसपासचा. लेखांत ‘अभिषेकानंतर अमुक वर्षांनी’ अशी मोजणी असल्याने अशोकाचा अभिषेक इ. स. पू. २६८ च्या सुमारास येतो. श्रीलंकेचे ग्रंथ बुद्धाचे परिनिर्वाण (देहांत) आणि हा अभिषेक ह्यांत २१८ वर्षे धरतात: २६८ + २१८ = ४८६. उत्तरेची परंपरा १०० वर्षे धरते: २६८ + १०० = ३६८. म्हणून जुन्या पुस्तकांत, अभिषेक दोन-तीन वर्षे नंतरचा धरून, इ. स. पू. ५६३ ते ४८३ असते आणि अलीकडचे बरेच अभ्यासक परिनिर्वाण इ. स. पू. ४०० च्या जवळ आणतात. २१८ हा आकडा फार नेटका आणि १०० फारच गोल आहे, हे दोन्हीकडे लक्षात ठेवावे. श्रीलंका, थायलंड अशा थेरवादी देशांतले इ. स. पू. ५४४ हे वर्ष धार्मिक पंचांगाचे आहे.

कार्बन-१४ ने हा प्रश्न सुटत नाही का?

नेमक्या ह्याच काळासाठी ती पद्धत आंधळी होते. मेलेल्या वनस्पतीतला कार्बन-१४ दर ५७३० वर्षांनी निम्मा होतो. प्रयोगशाळेचा आकडा ‘आजपासून इतकी वर्षे’ असा येतो आणि त्यातला ‘आज’ म्हणजे १९५०. पण हवेतले कार्बन-१४ चे प्रमाण सर्वकाळ सारखे नव्हते. म्हणून झाडांच्या वर्षवलयांवरून बनवलेल्या आलेखाशी तो आकडा ताडून पाहावा लागतो. इ. स. पू. ८०० ते ४०० ह्या टप्प्यात तो आलेख जवळजवळ सपाट आहे. इ. स. पू. ७५० चा दाणा आणि ४५० चा दाणा सारखेच आकडे देतात.

शिवाय कोळसा तपासला तर जुन्या लाकडाची अडचण येते. शंभर वर्षांच्या तुळईचा कोळसा शंभर वर्षे जास्त वय दाखवतो. म्हणून धान्याचा जळका दाणा सर्वांत भरवशाचा. बातमीत नुसते ‘कार्बन तपासणीत इतकी वर्षे’ असेल तर दोन गोष्टी विचाराव्यात: नमुना कशाचा होता आणि आकडा आलेखाशी ताडलेला आहे का.

‘हिंदू’ हा शब्द किती जुना?

‘सिंधू’चे इराणी रूप. इराणीत ‘स’चा ‘ह’ होतो. इराणच्या दारयवहू राजाच्या इ. स. पू. ५०० च्या सुमाराच्या लेखांत ‘हिंदुश’ हा प्रांत आहे. तेव्हा तो भूगोलाचा शब्द होता. धर्माचा अर्थ त्याला कितीतरी शतकांनी आला.

यज्ञाकडून मूर्तिपूजेकडे कधी वळण आले?

एका रात्रीत नव्हे, आणि ते जुन्नरजवळच्या नाणेघाटात शेजारी शेजारी दिसते. इ. स. पू. पहिल्या शतकातला सातवाहनांच्या राणीचा तो लेख आहे. सुरुवातीला वंदन आहे धर्म, इंद्र, संकर्षण (बलराम), वासुदेव (कृष्ण), चंद्र-सूर्य आणि चार लोकपालांना. पुढे अश्वमेध, राजसूय अशा वैदिक यज्ञांची यादी आणि दक्षिणा म्हणून दिलेल्या हजारो गायी. वेदातला इंद्र आणि भक्तीतला वासुदेव एकाच ओळीत. विदिशेजवळ बेसनगरला त्याआधी हेलिओदोर नावाच्या ग्रीक राजदूताने वासुदेवाचा गरुडध्वज उभारला होता, आणि तो स्वतःला भागवत म्हणवतो.

आणि हेच सातवाहन बौद्ध लेण्यांनाही देत होते. नाशिकच्या तिसऱ्या लेण्यातल्या लेखात सातवाहन राजमाता गौतमी बलश्री आपल्या मुलाला ‘एकबम्हण’, अद्वितीय ब्राह्मण म्हणते आणि त्याच लेखात ते लेणे भदायनीय ह्या बौद्ध पंथाच्या भिक्षुसंघाला दान करते. आजचे कप्पे त्या काळावर बसवताना हा लेख जरूर आठवावा.

बुद्ध हा विष्णूचा अवतार ही कल्पना जुनी आहे का?

बुद्धानंतर कित्येक शतकांनी ती पुराणांत येते. बौद्ध परंपरा ती मानत नाही. १९५६ मध्ये नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांत ती स्पष्ट नाकारलेली आहे.

महाराष्ट्रात सिंधू संस्कृती होती का?

तिची शेवटची लाट प्रवरेकाठी दायमाबादपर्यंत आली होती. १९७४ मध्ये तिथे झाड उपटताना तांब्याच्या चार भरीव वस्तू निघाल्या: बैलजोडीचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. एकूण वजन ६० किलोंहून जास्त. त्यांच्या काळावर मात्र मतभेद आहेत.

घोड नदीकाठचे इनामगाव शहरी नाही, पण श्रद्धेच्या दृष्टीने त्याहून बोलके आहे. इ. स. पू. १६०० ते ७०० ची ही वस्ती डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ ह्या काळात उकरली. लहान मुलांना दोन कुंभांत ठेवून, तोंडाला तोंड लावून, घराच्या जमिनीखाली पुरत. मोठ्यांना पुरताना घोट्याखालचे पाय तोडलेले असत. एका घरात मातीची झाकणाची पेटी निघाली. आत शिर नसलेली स्त्रीमूर्ती, आणि सोबत दुसरी बिनशिराची मूर्ती व बैल. मूर्तीच्या पोटाला आणि बैलाच्या पाठीला भोके आहेत. काडी घातली की देवी बैलावर बसते. ह्या देवीचे नाव कोणत्याही वेदात नाही.

ह्यातले मुंबई-पुण्याजवळ प्रत्यक्ष काय पाहता येईल?

पुण्यात डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात इनामगावच्या वस्तू. नाणेघाटाला पावसाळ्यानंतर, सकाळच्या तिरप्या उन्हात जावे. लेख गुहेच्या भिंतींवर आहे आणि दुपारच्या सपाट उजेडात अक्षरे दिसत नाहीत.

मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सोपाऱ्याजवळ मिळालेला अशोकाचा नववा शिलालेख शोधावा. तो जवळच्या भुईगाव येथे १९५६ मध्ये सापडला. त्याआधी १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींना आठव्या लेखाचा तुकडा मिळाला होता. त्या लेखात अशोकाच्या संबोधीच्या, म्हणजे बोधगयेच्या यात्रेची हकिकत आहे. नववा लेख मात्र साध्या घरांविषयी बोलतो. आजारपणात, मुलामुलींच्या लग्नात, मूल झाल्यावर, प्रवासाला निघताना लोक नाना ‘मंगले’ करतात, आणि बायका तर फारच करतात. त्यांचे फळ थोडे, असे अशोक म्हणतो. तरी ती करावीत, असेही तो लगेच म्हणतो, आणि मग दास-नोकरांशी नीट वागणे, गुरुजनांचा मान आणि जिवांविषयी संयम हे धर्ममंगल त्यांच्या शेजारी ठेवतो.